आवाज येत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

काळी स्क्रीन. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. बाकी काही नाही.

तासाभरापूर्वी याच स्क्रीनवर "इन्स्टॉलेशन पूर्ण झाले" असं आलं होतं. पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं — आणि हे! तीनदा बंद-चालू केलं. रेघ तशीच.

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून एकतीस वर्षं काढली. मुलांचा प्रयोग फसला की मी एकच सांगायचे. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काही लिहितेय.

लॅपटॉप दादाचा. म्हणजे त्याच्या मुलाचा. मुलगा परदेशी गेला, लॅपटॉप मागे राहिला. दहा वर्षांचा तरी असेल. जुनी सिस्टीम चालू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायची, आणि टाइप केलेलं अक्षर धापा टाकत उमटायचं. वहिनी रविवारी तो कापडी पिशवीत घालून घेऊन आल्या. तीन जिने चढून आल्या, पाणी प्यायल्या, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"वन्सं, शाळेतले सगळे कॉम्प्युटर तुम्हीच लिनक्सवर, त्या फुकटच्या सिस्टीमवर, आणले होते ना? मग हाही आणा. ह्यांना बोलतं करायचंय."

ऑक्टोबरात दादाच्या घशाचा कॅन्सर निघाला. नोव्हेंबरात स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला छिद्र आहे, श्वास तिथून घेतो. जिवाला धोका टळला म्हणतात. बोलणं मात्र कायमचं गेलं. रुग्णालयातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी सुचवलंय — तुम्ही टाइप करा, कॉम्प्युटर मोठ्याने वाचेल. फोनवर हेच होतं, पण दादाची बोटं जाड आणि फोनवरची अक्षरं मुंगीएवढी.

दादा बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. तेहतीस वर्षं.

मी वहिनींना हो म्हटलं. दादाचा आणि माझा नऊ वर्षं अबोला आहे. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. दोघींनीही विषय काढला नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

शाळेतल्या संगणकाच्या सरांना फोन केला. हे गृहस्थ प्रश्नाला प्रश्नच देतात.

"काळी स्क्रीन? ग्राफिक्स कार्ड कुठलं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही असं कसं?"

शेवटी सांगितलं. चालू होताना शिफ्टचं बटण धरून ठेवा, एक यादी येईल, तिथे 'ई' दाबा, जी लांबलचक ओळ दिसेल तिच्या शेवटी एक शब्द घाला. शब्द लिहून घेतला. नोमोडसेट. म्हणजे, बाबा रे, चित्राची हुशारी आत्ता दाखवू नकोस, साधं काय ते दाखव.

दाखवलं! अक्षरं विटेएवढी, रंग धुतल्यासारखे, पण स्क्रीन उघडली.

निरीक्षण दोन : वाय-फाय नाही. आहे पण पकडत नाही असं नव्हे. यादीतच नाही. या यंत्राला वाय-फाय म्हणून काही असतं हेच माहीत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवर आहे. इंटरनेटवर जायला वाय-फाय लागतं. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं.

दुपारपर्यंत यातच. मग आठवलं — फोन वायरने लॅपटॉपला जोडायचा, आणि फोनचंच इंटरनेट त्याला द्यायचं. शाळेत एकदा केलं होतं. जोडलं. लागलं. चाळीस मिनिटं अपडेट उतरत होते, तोवर मी गादीचे अभ्रे बदलले.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर, वाय-फायचा ड्रायव्हर, दोन्ही टिकमार्क करून टाकले. पुन्हा चालू केलं. अक्षरं नेहमीएवढी. वाय-फायच्या यादीत साऱ्या इमारतीचं वाय-फाय.

सरांना कळवलं. त्यांचं उत्तर — "दोन्ही एकदम टाकले? मग कशाने काय झालं हे कसं कळणार?"

बरोबर आहे. माझंच वाक्य मला!

७ फेब्रुवारी, शनिवार

घड्याळ चुकतंय. चार्जर काढून थोडा वेळ ठेवला की यंत्र दहा वर्षं मागे जातं. मग कुठलीही वेबसाइट उघडत नाही. तारखेचा मेळ बसत नाही म्हणून सुरक्षेची चेतावणी येते. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली असणार.

दहा वर्षांपूर्वी म्हणजे दादा आणि मी बोलत होतो.

घड्याळजीकडून बॅटरी आणली. मागचे अकरा स्क्रू. अकराच्या अकरा परत लावले.

९ फेब्रुवारी, सोमवार

आवाज येत नाही.

सगळं आहे, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप तेच नाही. स्पीकरची खूण वर दिसते, पट्टी शंभरावर आहे. सेटिंगमध्ये आउटपुट कुठलं म्हणून पाहिलं तर लिहिलंय — डमी. म्हणजे नावापुरतं. आवाज पाठवला जातो आणि कुठेही पोचत नाही.

वहिनींचा फोन आला. झालं का, विचारायला नव्हता. सहज केला होता म्हणाल्या. पण सांगत राहिल्या.

"आता पाटीवरसुद्धा लिहीत नाहीत हो. आधी निदान 'पाणी', 'पंखा' असं लिहायचे. आता नुसतं बोट दाखवतात. घरात दोन माणसं आणि बोलते मी एकटी. माझंच मला कसंतरी होतं. परवा तपासणीला जायचं होतं, खुर्चीतून उठलेच नाहीत. का विचारलं, तर मान फिरवली."

मी विचारलं, "त्याला माहीत आहे का, लॅपटॉप माझ्याकडे आहे?"

"नाही सांगितलं."

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळ आवाजात. एका फाइलमध्ये एक ओळ घालायची, म्हणजे यंत्र आवाजासाठी जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर वापरतं. घातली. पुन्हा चालू केलं. डमी गेलं, खऱ्या स्पीकरचं नाव आलं.

तरीही शांत.

सरांना फोन. "मिक्सर बघितला का?" टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या चौकटीत, आवाजाचा मिक्सर उघडला. उभे खांब, थर्मामीटरसारखे. एका खांबाखाली दोन छोटे 'एम'. म्हणजे म्यूट. कोणी केलं होतं देव जाणे. एक बटण दाबायचं होतं. दाबलं.

चाचणीचा आवाज आला. एक बाई डावीकडून काहीतरी म्हणाली, मग उजवीकडून. मी खुर्चीत मागे टेकले.

दोन दिवस, आणि शेवटी एक बटण!

११ फेब्रुवारी, बुधवार

वहिनी म्हणाल्या होत्या की दादा स्थानकाच्या कचेरीत टाइपरायटरवर वेळापत्रकं टाइप करायचा. म्हणजे बोटांना कळांची ती मांडणी पाठ असणार. लिनक्समध्ये आपल्या लिपीच्या चार मांडण्या निघाल्या. चौथी टाइपरायटरची. ती ठेवली, बाकीच्या काढून टाकल्या.

वाचून दाखवणारा प्रोग्राम टाकला. मी टाइप केलं : "आज बुधवार आहे." यंत्र म्हणालं, आज बुधवार आहे. पुरुषाचा आवाज, पण डबा वाजवल्यासारखा. एका सुरात.

उद्या नेऊन द्यायचा. वहिनी म्हणाल्या, मी येते न्यायला. मी म्हटलं, नको, मीच येते. का म्हटलं कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घर तसंच आहे. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, खिडकीशी वेताची खुर्ची. खुर्चीत दादा, दाराकडे पाठ. केस सगळे पांढरे. गळ्याशी पातळ सुती कापड बांधलेलं, श्वास घेतला की ते आत ओढलं जातं. श्वास ऐकू येतो. सायकलच्या पंपासारखा.

वहिनी म्हणाल्या, "बघा कोण आलंय."

त्याने मान वळवली. पाहिलं. पुन्हा खिडकीकडे वळला. पण उठून आत गेला नाही. हे नोंदवण्यासारखं.

मी टेबल ओढलं, लॅपटॉप ठेवला, चार्जर लावला. कोणतं बटण कशाचं हे वहिनींना सांगितलं — म्हणजे त्याला ऐकू जाईल असं.  मग त्याने खुर्ची सरकवली. बोटं कळांवर ठेवली. एकदाही खाली पाहिलं नाही! मांडणी बरोबर निघाली. त्याने एक शब्द टाइप केला, वाचायचं बटण दाबलं.

शब्द होता "वेळ". यंत्र म्हणालं — "वेल".

पुन्हा दाबलं. "वेल."

त्याने "सकाळ" लिहिलं. "सकाल." "माझा" लिहिलं. यंत्राने 'माझी'तला झ 'माझा'त घातला. आपली भाषा काल शिकलेल्या माणसासारखा.

दादाने पाटी घेतली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा, वहिनी नंतर म्हणाल्या. त्यावर लिहिलं : "हा कोण?" आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं.

चहा न घेता आले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वहिनींचा फोन. "वन्सं, मेला हो तो!"

मी चपला शोधायला लागले. तो म्हणजे लॅपटॉप.

झाकण लावल्यापासून उघडत नव्हता. दिवा लागतो, स्क्रीन काळी. झोपतो आणि जागा होत नाही — हा लिनक्सचा जुना आजार. फोनवरून सांगितलं. बटण दहा सेकंद दाबून धरा.

"दहा म्हणजे किती?"

"एक ते दहा मोजा."

त्यांनी मोठ्याने मोजले. आठवर म्हणाल्या, "गेला दिवा." मग पुन्हा चालू केला. मग अर्धा तास मी इकडून आणि त्या तिकडून, सेटिंगमध्ये जाऊन झाकण लावलं तरी झोपू नकोस असं त्याला सांगितलं. मधेच त्या ओरडल्या, "बाण कुठे गेला?" बाण स्क्रीनच्या कडेला जाऊन बसला होता. शोधला. दोघी हसलो.

त्यांना हसताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मलाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

ही वही फक्त यंत्राची ठेवायची ठरवलं होतं. पण निरीक्षण अर्धवट ठेवणं बरं नाही.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. तिला विस्मरण झालं होतं. दादा महिन्यातून एकदा यायचा, दाराशी उभा राहायचा, दहा मिनिटांत निघायचा. आई गेली त्या दिवशी सगळे नातेवाईक माझ्या पुढच्या खोलीत बसले होते. दादा आला. कोणीतरी म्हणालं, या, बसा. मी सगळ्यांदेखत म्हटलं — "अख्ख्या स्टँडला ऐकू जातो तुझा आवाज. आईच्या कानापर्यंत काही पोचला नाही."

त्याने नातेवाईकांबरोबर सगळे विधी उरकले आणि गेला. त्यानंतर नऊ वर्षं.

वाक्य खोटं नव्हतं. बोलायला नको होतं. आणि आता त्याचा आवाज काढून टाकलाय.

हे तीन वेगवेगळे मुद्दे आहेत. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण मला ते वेगळे ठेवता येत नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी विचारत होत्या, ह्यांचाच आवाज यात घालता येईल का? रेकॉर्डिंग हवं म्हटलं. त्यांनी स्थानकावर चौकशी केली. काही नाही. दादाने तेहतीस वर्षं प्रत्येक घोषणा तिथल्या तिथे केली. रेकॉर्डिंग करू या म्हणून साहेब मागे लागले होते, तर म्हणाला होता — गाडी रोज वेगळ्या वेळेला उशिरा येते, आवाज रोज तोच कसा चालेल?

मग जो आहे तोच सुधारायचा. शाळेतला एक जुना लॅपटॉप सरांकडून मागून आणला, त्यावर तोच प्रोग्राम टाकला. वेग कमी केला. सूर खाली आणला. शब्दांमध्ये किंचित फट ठेवली. डबा आता निदान पितळेचा वाटतो.

उच्चारांसाठी एक फाइल असते. डावीकडे शब्द, उजवीकडे तो कसा म्हणायचा ते. मग एक आज्ञा द्यायची, की यंत्र ती यादी शिकतं. "वेळ" घातला. पाच वेळा चुकला, सहाव्यांदा जमला!

वेळ. वेळ. वेळ. शेजारच्या बाईंनी दारावर टकटक केली — सगळं ठीक आहे ना?

१८ फेब्रुवारी, बुधवार

बत्तीस शब्द.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

फाइल पेनड्राइव्हवर घालून वहिनींकडे पाठवणार होते. त्याआधी यादी कागदावर काढून दिली. म्हटलं, दादाला विचारा, अजून कुठले शब्द लागतील? बाकी काही लिहिलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

कागद परत आला. वहिनी जिना चढून वर नाही आल्या, खालीच थांबल्या होत्या; मी उतरून गेले. चौकोनी घडी. उघडली तर लाल पेन!

माझ्या बत्तीस शब्दांतले सात चुकीचे ठरवलेत. "चाक"मधला च आणि "चार"मधला च वेगळा, हे मी विसरले होते. "जागा"तला ज मी "जग"मधल्यासारखा लिहिला होता. प्रत्येकापुढे फुली, आणि पुढे बारीक अक्षरात बरोबर उच्चार. मागच्या बाजूला त्याने स्वतः एकसष्ट शब्द दिलेत. दोन च, दोन ज, दोन झ यांची वेगळी पट्टी आखून. शेवटी एक ओळ — "जोडाक्षर आले की श्वास तोडतो. तो दोष काढ."

"काढ" असं लिहिलंय. मला.

वहिनी म्हणाल्या, "काल दिवसभर बसले होते. जेवायला हाक मारली तर हात वर केला, थांब म्हणून. इतकी चिडले मी! आणि मग म्हटलं, अरे, हे तर पूर्वीसारखं झालं."

२३ फेब्रुवारी, सोमवार

सात सुधारले. एकसष्टपैकी चाळीस घातले. पाठ धरलीय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बाकीचे एकवीस. जोडाक्षरांचा दोष निघाला नाही. सरांना विचारलं. "पूर्ण निघायलाच हवा का?" म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा प्रश्न आवडला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाकडे गेले. नवी यादी घातली. तो शेजारी बसून प्रत्येक शब्द तपासत होता. बरोबर आला की एक बोट टेबलावर टेकवायचा. चुकला की भुवई. शाळेत असताना माझं पाठांतर घ्यायचा तेव्हाही असंच. मी बाकावर उभी, तो खाली बसलेला, पुस्तक हातात, भुवई.

मी म्हटलं, "हा शब्द पुढच्या वेळी." नऊ वर्षांनी त्याला उद्देशून बोललेलं पहिलं वाक्य हे. त्याने मान हलवली. एवढंच.

वहिनींनी सूप आणून दिलं. दादाने दोन चमचे घेतले, चमचा ठेवला, टाइप केलं. यंत्र खणखणीत म्हणालं :

"मीठ कमी आहे."

वहिनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं कोणी पाहुणा आलाय. मग कळलं, आणि त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "चार महिन्यांनी तोंड उघडलं आणि काय, तर मीठ!"

दादाने पुन्हा टाइप केलं. "खरंच कमी आहे."

मी चाखलं. होतं कमी.

१ मार्च, रविवार

हे लिहावं की नाही ठरत नव्हतं.

आज वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी दादाच्या शेजारी बसून स्क्रीनवरची अक्षरं मोठी करत होते. तो टाइप करू लागला. वाचायचं बटण दाबेपर्यंत यंत्र बोलत नाही; पण लिहिलेलं तर दिसतं. मी बघत नव्हते असं म्हणणार नाही.

"आई मला ओळखत नव्हती. दारात उभा राहिलो की विचारायची, कोण पाहिजे. मी नाव सांगायचो. म्हणायची, तो घरी नाही. म्हणून मी"

इथे थांबला. गळ्याशी कापड आत-बाहेर, आत-बाहेर. मग त्याने मागे जाण्याची कळ दाबून धरली. अक्षरं उजवीकडून एकेक करत गेली. शेवटचं "आई" राहिलं. तेही गेलं.

मग नव्याने टाइप केलं, बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "चहा घेणार का?"

"घेईन," मी म्हटलं.

त्यानेच केला. साखर किती, विचारलं नाही. बरोबर घातली.

आई मला शेवटपर्यंत ओळखायची. त्याला ओळखत नव्हती हे मला माहीत नव्हतं. मी त्या दहा मिनिटांत आत चहा टाकायला गेलेली असायचे.

नऊ वर्षं मी एका निरीक्षणावर अनुमान काढून बसले होते. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर पान फाडायला लावलं असतं.

२ मार्च, सोमवार

काल मी काही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्याच्यापाशी खोडायची कळ आहे. माझ्यापाशी तीही नव्हती, आई गेली त्या दिवशी.

४ मार्च, बुधवार

सकाळी वहिनींचा फोन. "आवाज गेला!" घाबऱ्या झाल्या होत्या. रात्री यंत्राने आपणहून अपडेट घेतले आणि सकाळी डमी परत. चूक माझी. आपोआप अपडेट बंद करायला हवे होते. येते म्हटलं, तयार झाले, दाराला कुलूप लावताना पुन्हा फोन.

"येऊ नका. झालं."

"कसं झालं?"

"तुम्ही जी वही ठेवून गेलात ना, काय बिघडलं तर काय करायचं, ती घेऊन बसलेत मघापासून. चालू करताना ती यादी आली, त्यातलं जुनं काहीतरी निवडलं, आणि आला आवाज. आता म्हणतायत — थांबा, तेच बोलतायत."

मग यंत्र : "तुझ्या वहीत पान चारवर एक पायरी राहिली आहे. मी लिहून ठेवली."

त्याला मी वही दिली होती ती फक्त पायऱ्यांची, यातून उतरवून काढलेली. राहिली असेल एखादी. कुलूप काढून परत आत आले. हातात पिशवी तशीच, बराच वेळ.

६ मार्च, शुक्रवार

दादा तपासणीला गेला. लॅपटॉप घेऊन. डॉक्टरांना अकरा प्रश्न विचारले, घरूनच टाइप करून नेले होते. वहिनी : "मला एक अक्षर बोलू दिलं नाही! चार महिने मी बोलले ह्यांच्यासाठी, आणि आज डॉक्टरांनी मला विचारलं तर हे मशीनवर म्हणतात, रुग्ण मी आहे."

रागावले होते म्हणाल्या. आवाजावरून तसं वाटलं नाही.

तपासणी चांगली निघाली. पुढची तीन महिन्यांनी.

९ मार्च, सोमवार

यंत्राची नोंद : आवाज ठीक. झोप ठीक. घड्याळ ठीक. वाय-फाय अधूनमधून सुटतं, पण आपोआप लागतं. जोडाक्षरं अजून अडखळतात. दादा म्हणतो — टाइप करतो, पण मी आता "म्हणतो" असंच लिहिणार — की तेवढं असू दे, माणूसही अडखळतो.

वहिनींनी रविवारी जेवायला बोलावलंय. तिघांनाच. नऊ वर्षांचं एकदम वसूल करणार आहे म्हणाल्या.

वही बंद करायला हरकत नाही.

१४ मार्च, शनिवार

वहिनी गेल्या. गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, स्वयंपाकघरात. उभ्या होत्या, खाली बसल्या, आणि आडव्या झाल्या. हृदय.

दादाने रुग्णवाहिकेला फोन लावला. फोन लॅपटॉपच्या स्पीकरपाशी ठेवला आणि पत्ता टाइप केला. पलीकडच्या माणसाला वाटलं, रेकॉर्ड केलेली जाहिरात आहे. त्याने फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदाही ठेवून दिला. तिसऱ्यांदा दादाने पत्त्याच्या आधी लिहिलं : मी माणूस आहे. ठेवू नका.

सगळं अजून स्क्रीनवरच्या त्या खिडकीत आहे, एकाखाली एक. मी वाचलं.

डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं. म्हणाले, त्या सात-आठ मिनिटांनी काही फरक पडला नसता. दादाने विचारलं नाही.

चौथा फोन त्याने मला केला होता. मी भांडी घासत होते, ओल्या हाताने उचलला. "मी बोलतोय," यंत्र म्हणालं. त्यानंतर बराच वेळ नुसता कळांचा आवाज येत राहिला, टाइप केल्याचा, खोडल्याचा, पुन्हा टाइप केल्याचा. मी फोन कानाला धरून उभी राहिले.